हलकुडे अण्णांचा समुद्र आणि द्वारकाकाकूंचा हंडा

एका गावात नळाला पाणी चौथ्या दिवशी यायचं, आणि त्याच गावात एका माणसाने घरात समुद्र पाळला होता.

माणसाचं नाव बसवराज हलकुडे. बाजारपेठेत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. समुद्र म्हणजे त्यांच्या पुढच्या खोलीतली काचेची टाकी, शिवणयंत्राच्या टेबलाएवढी लांब. आत खारं पाणी. त्या पाण्यात दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी, ती माशांच्या अंगावरची घाण वेचून खायची. काच चाटत फिरणाऱ्या आठ-दहा शंखातल्या गोगलगायी. आणि खडकांवर प्रवाळ. आपण पोवळं म्हणून अंगठीत घालतो त्याच कुळातले जीव, पण हे जिवंत. कोणी हिरवं, कोणी पिवळं, कोणी फुलासारखं उघडमीट करणारं. त्यातलं सगळ्यात मोठं जांभळं प्रवाळ अण्णांनी आणलं तेव्हा नखाएवढं होतं. चार वर्षांत ते तळहाताएवढं झालं. डोळ्यांत तेल घालून वाढवणं म्हणतात ना, ते हेच.

खरा समुद्र त्या गावापासून इतका लांब, की निम्म्या गल्लीने तो कधी पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे अण्णांचा समुद्र बघायला लोक यायचे, चहा पिऊन जायचे, आणि जाताना बोलूनही जायचे. "इथं माणसांच्या घागरी कोरड्या, आणि ह्यांच्या माशांची चैन बघा!"

अण्णा हसून म्हणायचे, "चैन कसली? त्यांना आपलं पाणी चालत नाही हो."

आणि खरंच चालत नव्हतं. नळाच्या पाण्यात औषधाची पावडर, वाटेतल्या पाइपांचा गंज, शेतांतून वाहून आलेलं खत, आणि खार तर विचारूच नका. आपल्या पोटाला ते सवयीचं झालंय. प्रवाळाला ते विष. म्हणून अण्णांनी मागच्या दारी भिंतीला चार नळकांड्यांचं एक यंत्र लावलं होतं. पिंपातलं पाणी पंपाने त्यात जायचं. पहिल्या नळकांड्यात सुताची गुंडाळी, ती गाळ धरायची. दुसऱ्यात कोळसा, तो औषधाचा वास मारायचा. तिसऱ्यात असा बारीक पडदा, की त्यातून फक्त पाणी जावं आणि खार मागे राहावा. आणि चौथ्यात निळे दाणे. पडदा चुकवून जे काही निसटेल, ते हे दाणे पकडायचे. दमले की दाणे तपकिरी पडायचे.

यंत्रातून पाणी कसं यायचं? धार म्हणू नका, करंगळीएवढी. एक बादली शुद्ध पाणी हवं तर चार बादल्या ओतायच्या. उरलेल्या तीन बादल्या खारवट होऊन दुसऱ्या नळीतून बाहेर. ते पाणी अण्णांनी कधी गटारात सोडलं नाही. नळी थेट बोळात काढून दिली होती. ज्याला भांडी घासायचीत, अंगण धुवायचंय, त्याने बादली लावावी. बोलणारे बोलायचे आणि बादलीही लावायचे. माणसाचं असंच असतं.

शुद्ध झालेल्या पाण्यात अण्णा विरघळलेला खार मोजणारा, पेनाएवढा एक मीटर बुडवायचे. नळाच्या पाण्याला तो सहाशे-सातशे आकडा दाखवायचा. यंत्रातल्या पाण्याला शून्य. शून्य आल्याशिवाय थेंब टाकीत पडायचा नाही. एकदा आकडा आला चार. अण्णांनी तेवढे दोन कॅन इस्त्रीवाल्याला देऊन टाकले आणि दाणे बदलायला बसले.

पलीकडचे लोखंडे मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो अण्णा, चार म्हणजे काय! आमच्या बोअरला दोन हजार आहे, आम्ही मेलो का?"

अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमचं पोट दुखलं की तुम्ही सगळ्या गल्लीला सांगता. त्यांना बोलता येत नाही."

टाकीतलं पाणी रोज थोडं आटायचं. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. आमटी आटली की खारट होते, तसंच. म्हणून टाकीच्या काचेवर अण्णांनी एक रेघ मारली होती. रोज सकाळी रेघेपर्यंत शुद्ध पाणी घालायचं. तीन-साडेतीन लिटर. हे चार वर्षांत एक दिवस चुकलं नव्हतं.

आणि मग भाचीचं लग्न निघालं, कलबुर्गीला. मामाशिवाय लग्न कसं व्हावं? अण्णांना सोमवारी निघून शुक्रवारी परत यायचं होतं. त्यांनी शेजारच्या द्वारकाकाकूंना बोलावलं.

द्वारकाकाकू म्हणजे गल्लीचा भरवशाचा खांब. सात घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. कोणाच्या तुळशीला पाणी, कोणाच्या म्हाताऱ्याला गोळ्या, कोणाचं दूध तापवणं. सगळं त्या मनापासून करायच्या. आपल्या घरच्यापेक्षा जरा जास्तच मनापासून.

अण्णांनी त्यांना टाकी दाखवली, रेघ दाखवली, भिंतीशी ओळीने ठेवलेले पांढरे प्लास्टिकचे कॅन दाखवले. "वहिनी, रोज सकाळी ह्या कॅनमधलं पाणी ह्या रेघेपर्यंत. मासे आणि कोळंबीला चिमूटभर खाणं. दुसरं काही नाही."

"एवढंच ना? तुम्ही निश्चिंत जा अण्णा. मी पोटच्या पोरासारखं बघते."

अण्णा गेले. काकू संध्याकाळी परत आल्या, कॅनचं झाकण उघडलं आणि वास घेतला. त्यांना वाईट वाटलं. प्लास्टिकमधलं पाणी! किती दिवसांचं कोण जाणे! वीस वर्षं काकूंच्या घरी तांब्याच्या हंड्यातलंच पाणी पीत होते. सासऱ्यांचं पोट त्याने सुधारलं होतं, धाकट्याची खाज त्याने गेली होती. तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी म्हणजे अमृत, हे त्यांच्या माहेरी-सासरी कोणी कोणाला शिकवावंही लागत नव्हतं. मग ह्या मुक्या जिवांना का नको?

अण्णांनी सांगितलं होतं, कॅनमधलंच पाणी. काकू स्वतःशी म्हणाल्या, कॅनमधलंच तर आहे! त्यांनी घरचा हंडा चिंच-मीठ लावून सोन्यासारखा उजळला, अण्णांच्या घरी आणला, कॅनमधलं पाणी त्यात ओतलं आणि वर ताट झाकलं. मंगळवारी सकाळी तेच पाणी टाकीत, बरोबर रेघेपर्यंत. एक थेंब वर नाही, एक थेंब खाली नाही.

बुधवारी कोळंबी दगडाआड जाऊन बसली. गोगलगायी काच सोडून वाळूवर उतरल्या. काकूंना वाटलं, अण्णांची आठवण येत असेल. त्यांनी पुन्हा हंड्यातलं पाणी घातलं.

गुरुवारी सकाळी कोळंबी आडवी पडली होती. तिचे पाय हलत नव्हते. गोगलगायी वाळूवर उलट्या. हिरवं प्रवाळ मिटून गोळा झालेलं, आणि मोठ्या जांभळ्याच्या अंगावर पांढुरका चिकट थर.

काकूंनी आठवून बघितलं. तीन दिवसांत आपण काय वेगळं केलं? एकच गोष्ट. हंडा कोपऱ्यात चकचकत होता.

काकूंचे यजमान विनायकराव एसटी डेपोतून निवृत्त झालेले. ते मागोमाग आले, टाकी बघितली आणि हळूच म्हणाले, "मंगळवारी दोन तास लाईट गेली होती. लाईटीनं झालं म्हण."

"पण लाईटीनं नाही झालं."

"कशानं झालं ते मासे सांगणारेत का? आणि आज तिकडं अक्षता आहेत. लग्नघरात अशुभ कशाला कळवायचं? उद्या येतीलच की ते."

यजमानांचं बोलणं सोपं होतं आणि काकूंना ते हवंसंही वाटत होतं. इतक्या वर्षांचं नाव एका हंड्यापायी जाणार. उद्यापासून कोण किल्ली देईल? आणि अण्णांना काय तोंड दाखवायचं? पण समोर टाकीत नारिंगी मासे पृष्ठभागाशी येऊन जोरजोरात कल्ले हलवत होते. उद्यापर्यंत ते थांबतील असं काही दिसत नव्हतं.

काकूंनी फोन लावला.

पलीकडे सनई, पोरांचा कालवा. "बोला वहिनी!"

"अण्णा, तुमची कोळंबी गेली. बाकीच्यांचंही बरं दिसत नाही."

सनईचा आवाज लांब गेला. मग अण्णा म्हणाले, "लाईट गेली होती का?"

बघा, नशीब कशी परीक्षा घेतं. जे खोटं बोलायला काकूंची जीभ उचलत नव्हती, ते अण्णांनी स्वतःच ताटात वाढून दिलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आणि ते खोटंही ठरलं नसतं, लाईट गेलीच होती.

काकू म्हणाल्या, "गेली होती. पण त्यानं नाही झालं. मी कॅनमधलं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवत होते. तेच घातलं. मीच केलं हे."

"किती दिवस?"

"आज घातलं नाही. पण मंगळवारी आणि काल, दोन्ही दिवस रेघेपर्यंत."

"हंडा चिंचेनं घासला होता?"

"हो."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. ते चिडले नाहीत. "वहिनी, उजळलेल्या हंड्यातून तांबं पाण्यात उतरतं, आणि ह्यांना ते विष. आता रडायचं नाही, वेळ नाही. टाकीखालच्या कपाटात औषधाचा डबा आहे. त्यात दाण्यांची एक जाळीची पिशवी आहे, तांबं ओढून घेणारी. कधी लागली नाही, पण ठेवलीय. ती आणि काळ्या कोळशाची पिशवी, दोन्ही धुऊन पाणी फिरवणाऱ्या पंपापुढे टाका. मेलेलं सगळं बाहेर काढा. आणि निम्मी टाकी बदलावी लागेल. कॅन किती उरलेत?"

"दोन."

"म्हणजे चाळीस लिटर. अजून ऐंशी पाहिजेत. यंत्र सुरू करा, आणि मीटरला शून्य आल्याशिवाय पाणी घेऊ नका. मी अक्षता टाकून निघतोच."

पिशव्या पाण्यात पडल्या. यंत्र सुरू झालं. पण ऐंशी लिटर शुद्ध पाणी म्हणजे यंत्राला सव्वातीनशे लिटर हवं, आणि अण्णांच्या पिंपात तळाला पन्नास. काकूंच्या घरी साठ. नळ येणार शुक्रवारी. चौथा दिवस जवळ आला की त्या गावात पाणी कोणी मोजून द्यायचं तेही नाक मुरडून.

काकूंनी दोन बादल्या घेतल्या आणि निघाल्या. प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच. कशाला? आणि प्रत्येक दारात काकूंनी तेच उत्तर दिलं. लाईटीचं नाही, खरं.

नफिसाभाभींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या अल्ला! काकू, तांब्याचं पाणी तर चांगलं असतं ना?"

"आपल्याला चांगलं. त्यांना नाही. मला कुठं माहीत होतं गं?"

"माझ्याकडे आज पाहुणे आहेत. दोन घागरी देते. पण बोळातल्या नळीला पहिली बादली माझी, सांगून ठेवते! तेवढ्यात माझी भांडी निघतील."

लोखंडे मास्तर दारातच उभे होते. गल्लीतली बातमी त्यांना आधी कळते. "काय काकू, माशांना तांब्याचं पाणी? उद्या मांजराला च्यवनप्राश चाटवाल!"

"चाटवीन. आधी पाणी द्या."

"आमची किल्ली परत करा आधी. आमच्या जास्वंदीचं काय केलंत कोण जाणे." असं म्हणत म्हणत मास्तरांनी धोतराचा काचा मारला आणि दोन्ही बादल्या स्वतःच उचलल्या.

बारा वाजेपर्यंत अण्णांच्या मागच्या दारी पिंप भरलं. मघाशी टोमणे मारणारी माणसंच रांगेत होती. इकडून पाणी आत जात होतं, तिकडून खारवट होऊन बोळात येत होतं आणि प्रत्येकाच्या बादलीत भांड्यांपुरतं परत जात होतं. चार बादल्यांतलं एकाच बादलीचं पाणी ज्याचं त्याला सोडावं लागलं. ते कोणीही मागितलं नाही.

काकू यंत्रापाशी पाट टाकून बसल्या होत्या. प्रत्येक कॅनमध्ये मीटर बुडवायच्या. शून्य. शून्य. शून्य. तीन कॅन झाले. चौथ्यात आकडा आला तीन. निळे दाणे खालपासून वरपर्यंत तपकिरी झाले होते.

विनायकराव म्हणाले, "तीनच तर आहे. इतकं धावलीस, आता ओत आणि जेव."

"तीन म्हणजे शून्य नव्हे," काकू म्हणाल्या आणि तो कॅन बाजूला ठेवला. मग कलबुर्गीहून येणाऱ्या बसमध्ये बसलेल्या अण्णांना फोन लावून, पहिल्यांदाच, विचारून विचारून दाणे बदलले. चार दाणे जमिनीवर सांडले. पण पुढचा कॅन शून्याचा भरला.

अण्णा चारच्या सुमाराला आले. अंगावर जरीचं उपरणं, केसांत अजून अक्षतांचे दाणे. पंगतीला न बसताच निघाले होते. ते तडक टाकीपुढे गुडघ्यांवर बसले आणि काचेला कपाळ टेकवून बघत राहिले. मग उठले, बाह्या सारल्या. शुद्ध पाण्यात समुद्राचं मीठ विरघळवलं, कोमट केलं, मोजलं. दिवस मावळायच्या आत निम्मी टाकी बदलून झाली.

मग काकू पुढे आल्या. हात जोडले. "अण्णा, मी तुमचं वाटोळं केलं."

अण्णा तिथंच जमिनीवर बसले. "वहिनी, तुम्ही लाईट म्हणाला असता तर मी काय केलं असतं? हवेचा पंप लावायला सांगितला असता आणि लग्नात जेवत बसलो असतो. तांबं आत तसंच राहिलं असतं. उद्या येऊन मी रिकामी टाकी बघितली असती, आणि कशानं झालं ते मला जन्मात कळलं नसतं."

"पण चूक माझीच ना?"

"तुमची होती. माझीही होती. मी काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते सांगितलं नाही. तुम्ही कमी मायेच्या असता तर इतकं बिघडलंही नसतं!"

काकूंना हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं.

सगळं काही वाचलं नाही. कोळंबी गेली. गोगलगायींतल्या दोनच उरल्या. चार वर्षांच्या जांभळ्या प्रवाळाचा निम्मा भाग हाडासारखा पांढरा पडला, तो पुन्हा रंगला नाही. पण मासे जगले. हिरवं प्रवाळ आठव्या दिवशी उघडलं. आणि जांभळ्याच्या उरलेल्या निम्म्याला दीड महिन्यानंतर कडेने कोवळी फिकट किनार फुटली, म्हणजे ते पुन्हा वाढायला लागलं.

पुढे वर्षभराने त्याच भाचीच्या बाळाचं बारसं आलं. अण्णा पुन्हा चार दिवस निघाले, आणि टाकी पुन्हा द्वारकाकाकूंवर सोपवली. लोखंडे मास्तरांना राहवलं नाही. ते म्हणाले, "अहो अण्णा, इतकं होऊन परत त्यांच्याकडेच? गावात दुसरं कोणी नाही का?"

अण्णा पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "आहेत की. पण चूक कोणाच्याही हातून होईल. ती झाली की मला खरं कोण सांगेल, तेवढंच मी बघितलं."

तात्पर्य: आपल्याला जे अमृत, ते दुसऱ्यालाही अमृतच असेल असं धरून चालू नये. आणि मायेपोटी हातून चूक झालीच, तर झाली तशी आणि झाली तेव्हाच सांगावी. खरं दुखणं कळलं तरच खरं औषध लागू पडतं.